घरकुलाच्या इमारतीतील सामायिक खर्चाची आणि देखभालीची व्यवस्था कशी लावावी?

गोदातीर
सर्वांना नमस्कार. आम्ही जुन्या नाशिकलगतच्या एका घरकुल वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. ही सदनिका शहरी गरिबांसाठीच्या योजनेतून माझ्या सासऱ्यांच्या नावे मिळाली. त्याआधी आमचे कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहत असे, त्यामुळे पक्क्या भिंतीचे आणि घरातल्या संडासाचे मोल आम्ही पुरते जाणून आहोत. अडचण आहे ती सामायिक गोष्टींची. उंबरठ्याच्या आत प्रत्येकाने फरशी, रंग, देव्हारा सगळे जिवापाड सांभाळले आहे. जिना, गच्ची, तळटाकी, मोटर आणि चेंबर यांना मात्र धनी उरलेला नाही.

जिन्यातले दिवे आणि पाण्याची मोटर यांना मिळून एकच वीजजोडणी होती. सुरुवातीला वर्गणी व्यवस्थित जमत असे. पुढे तळमजल्यावरच्या कुटुंबांनी असा मुद्दा मांडला की, नळाचे पाणी आमच्याकडे आपोआप येते, मग मोटरीच्या विजेचे पैसे आम्ही कशासाठी द्यायचे? ते ऐकून पहिल्या मजल्यानेही हात आखडता घेतला, थकबाकी वाढत गेली आणि अखेर जोडणी तुटली. आता वरच्या मजल्यांवरील बहुतेकांनी तळटाकीवर आपापली छोटी मोटर बसवली आहे. टाकीच्या झाकणाशी मोटरींची रांग लागली आहे, प्रत्येकीची वायर जिन्याच्या जाळीतून वर गेली आहे, आणि कोणती वायर कोणाची हे ओळखू यावे म्हणून त्यांवर निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या बांधलेल्या आहेत. पावसाळ्यात त्याच जागी घोट्याइतके पाणी साचते. ज्यांना मोटर घेणे परवडले नाही, त्या घरांतल्या बायका अजूनही कळशीने पाणी वर नेतात.

इमारतीत काही जण म्हणतात की घर महापालिकेने बांधले, तेव्हा सगळी देखभाल तिनेच केली पाहिजे. काही जण म्हणतात की रीतसर गृहनिर्माण संस्था स्थापन करावी. काहींना संस्था म्हटले की दरमहाच्या हप्त्याची धास्ती वाटते. कायद्याने जबाबदारी नेमकी कोणाची, संस्था करणे हिताचे आहे का, आणि मुख्य म्हणजे तळमजल्याच्या आक्षेपाला न्याय्य उत्तर काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त अभियंता
ताई, बाकी सगळे बाजूला ठेवून आधी त्या मोटरींबद्दल लिहितो, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. साचलेल्या पाण्यात उघड्या जोडाच्या वायरी असणे म्हणजे कोणत्याही दिवशी अपघाताला आमंत्रण आहे. लहान मुले तिथे खेळत असतील, तर सामायिक जोडणी पुन्हा मिळेपर्यंत निदान एवढे करा: प्रत्येक मोटरीची वायर सलग, बिनजोडाची आणि पाइपात घातलेली असावी, मोटरी विटांच्या कट्ट्यावर उचलून ठेवाव्यात, आणि ज्या ज्या घरातून वीज घेतली आहे तिथे ईएलसीबी बसवून घ्यावा. विजेची गळती होताच तो वीज तोडतो.

आता जबाबदारीबद्दल. आपली सदनिका बहुधा जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातील असावी. ते अभियान डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाले आणि शहरी गरिबांना मूलभूत सुविधा देणारा उपक्रम त्याचाच भाग होता. नाशिकमध्ये चुंचाळे, वडाळा आदी ठिकाणची घरकुले त्यातूनच उभी राहिली. या योजनेत घर फुकट द्यायचे नाही, हे मूळ सूत्र होते. लाभार्थ्याने किमान १२ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आदी गटांतील लाभार्थ्याने १० टक्के वाटा उचलायचा होता. आपल्या सासऱ्यांनी भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या घरात असतील, त्या जपून ठेवा. वाटा भरला म्हणजे हक्क आला आणि हक्काबरोबर इमारतीची काळजीही आली, असे या योजनेचे गृहीतक होते. बांधकामावर जेवढे लक्ष दिले गेले तेवढे ताबा दिल्यानंतरच्या व्यवस्थेकडे देशभरातच दिले गेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. झोपडपट्टीतून चार मजली इमारतीत आलेल्या कुटुंबाला टाकी, पंप, डक्ट (पाइपांसाठी इमारतीत सोडलेली उभी पोकळी) आणि गच्ची कशी सांभाळायची हे कोणीतरी बसून समजावून सांगायला हवे होते.

कामाची वाटणी साधारणपणे अशी समजा. सदनिकेच्या आतली दुरुस्ती राहणाऱ्याची. जिना, गच्ची, टाक्या, डक्टमधील पाइप आणि आवारातील चेंबर ही त्या इमारतीची सामायिक बाब. आवाराबाहेरची मुख्य मलवाहिनी, रस्ता, रस्त्यावरचे दिवे आणि मीटरपर्यंतचे पाणी ही महापालिकेची. मधला भाग मालकीच्या कागदांवर ठरतो, म्हणून वाटपपत्र, करारनामा आणि ताबा पावती यांतील देखभालीची अट शब्दशः वाचा. कागद सापडत नसतील, तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून, आणि दारिद्र्यरेषेखालील कार्ड असल्यास विनाशुल्क, आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा, हस्तांतराची कागदपत्रे आणि करारनाम्याचा नमुना मागता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. कागद हाती आल्याशिवाय कोणाशीही जबाबदारीवरून वाद घालू नका. निम्मे वाद त्यातल्या एका कलमावर मिटतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५ अ नुसार ३० वर्षे झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे मालकावर आणि भोगवटादारावर बंधनकारक आहे. आपल्या इमारतीला अजून अवकाश आहे, पण डक्टमधील गळती आजच थांबवली नाही तर तेवढी वर्षे ती धडधाकट राहणार नाही. सतत ओल राहिली की काँक्रीटच्या आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर पडते. स्लॅबच्या खालच्या बाजूला सरळ रेषेत तडे दिसत असतील, तर ते याचेच लक्षण समजा.

तिवंध्याचा रहिवासी
मी घरकुलात राहत नाही, गावठाणातल्या वाड्यात राहतो; तरीही लिहितो आहे, कारण धनी नसलेल्या वास्तूचे काय होते हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. आमच्या भागातले वाडे लाकूड, विटा आणि पांढऱ्या मातीचे. कौले सरकली की पाणी भिंतीत उतरते, माती फुगते, तुळईचे टोक भिंतीच्या आत कुजते आणि एखाद्या श्रावणात झड लागली की अख्खी बाजू खाली येते. हे ज्ञान प्रत्येक वाड्यात सर्वांना असते. तरीही कौले शाकारली जात नाहीत, कारण मालकाला मिळणारे भाडे नगण्य असते आणि भाडेकरूला वाटते की दुसऱ्याच्या घरावर आपण का खर्च करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये यावर तोड सांगितली आहे: मालकाने दुरुस्ती केली नाही, तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ज्याचे भाडे महिना ५० रुपये आहे, त्याला या हिशेबाने वर्षाला १५० रुपये वळते करता येतील. तेवढ्यात कौलारूवाला शिडीसुद्धा लावणार नाही. अधिकार कागदावर असून पैशाची सोय नसेल, तर वास्तू वाचत नाही, एवढे मला यातून सांगायचे आहे.

म्हणूनच संस्था स्थापन करा असे सरसकट सांगणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. आपल्या इमारतीत अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणारे, नाक्यावर उभे राहणारे, धुणीभांडी करणाऱ्या, बुधवारच्या बाजारात पाल टाकणारे असे लोक असतील. यांच्या हाती पैसा रोज किंवा आठवड्याला येतो आणि तसाच जातो. महिन्याच्या पाच तारखेला एकरकमी हप्ता ही पगारदाराची रीत आहे. ती इथे लादली तर तिसऱ्या महिन्यात निम्मे थकबाकीदार होतील आणि थकबाकीदार ठरलेला माणूस सभेला येणे बंद करतो. त्याऐवजी आठवड्याला २० किंवा ३० रुपये मजल्यावरच्या एका जबाबदार बाईने गोळा करावेत. आमच्या वाड्यात सामायिक नळाची पट्टी अशीच गोळा होते आणि ती कधी थकलेली मला आठवत नाही.

सचिवताई
मी दुसऱ्या एका घरकुल इमारतीच्या रहिवासी समितीचे काम पाहते. तिवंध्याच्या काकांचे आठवड्याच्या वर्गणीबद्दलचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, आमच्याकडेही तसेच चालते. तळमजल्याच्या आक्षेपाबद्दल मात्र कोणी लिहिले नाही, आणि माझ्या मते सगळी गाठ तिथेच आहे.

आमच्याही तळमजल्याने हेच म्हटले होते. त्या सभेत मी मोटरीचा विषय बाजूला ठेवून चेंबरचा विषय काढला. चेंबर तुंबले की सांडपाणी सर्वात आधी कोणाच्या मोरीतून वर येते? तळमजल्याच्या. ते तुंबते कोणामुळे? चारही मजल्यांवरच्या खरकट्याने, केसांनी, कापडाच्या तुकड्यांनी आणि प्लास्टिकने. चेंबर साफ करण्याचा खर्च फक्त ज्याच्या घरात पाणी आले त्याने करायचा म्हटले, तर तळमजला कायमचा बुडेल. आणि मोटरीचा खर्च फक्त वरच्यांनी करायचा म्हटले, तर चेंबरच्या वेळी वरचे लोक खाली येणार नाहीत. हे समोर मांडल्यावर तळमजल्यावरच्या एका आजींनीच सुचवले की दोन्ही खर्च एकाच वहीत लिहा आणि सगळ्यांना सारखे वाटा. आम्ही त्यात एकच फरक केला: विजेचा खर्च तळमजल्याला निम्मा आणि चेंबर, टाकी, दिवे यांचा खर्च सर्वांना सारखा. हिशेबाने तंतोतंत बरोबर आहे का हे मी सांगू शकत नाही, पण सगळ्यांना पटले आणि म्हणून टिकले.

वहीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पैशापेक्षा संशयाने समित्या मोडतात. जिन्याखाली आम्ही एक काळा फळा लावला आहे. दर रविवारी त्यावर तीन आकडे लिहिले जातात: जमा, खर्च आणि शिल्लक. कोणी दिले नाही त्याचे नाव फळ्यावर लिहायचे नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले. गरिबाची अब्रू चव्हाट्यावर आणून वसुली होत नाही. झाली तरी ती मला नको. ज्याला अडचण आहे त्याने मजल्यावरच्या बाईला सांगावे आणि जिना झाडणे, टाकी धुण्याच्या दिवशी हाताशी उभे राहणे अशा श्रमातून भरपाई करावी, अशी सवलत आहे. मोटरीच्या खोलीला दोन कुलुपे आहेत आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या मजल्यांवर असतात, त्यामुळे एकट्याच्या मनावर पाणी सुटत नाही. टाकी धुतली की टीसीएल पावडर (पाणी जंतुमुक्त करणारी) टाकण्याची तारीखही फळ्यावर लिहितो.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. चेंबर कितीही तुंबले तरी माणसाला आत उतरवू नका, मग तो कितीही तयार असो आणि कितीही कमी पैसे मागो. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणसाकडून धोकादायक सफाई करून घेणे हा गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने क्षणात जीव जातो. लेखी अर्ज देऊन यंत्र मागवा आणि अर्जाची पोच घ्या. दुसरे म्हणजे, डक्टमध्ये पिंपळ उगवला असेल तर नुसता वरून तोडू नका. आमच्याकडे दर वर्षी कोयत्याने छाटायचे आणि दर पावसाळ्यात तो दुप्पट जोमाने यायचा, कारण मुळे पाइपाच्या सांध्यात शिरून आतल्या पाण्यावर पोसली जात होती. गवंड्याने सांधा उघडून मूळ काढले, पाइपाचा तुकडा बदलला आणि भिंतीला सिमेंट केले, तेव्हा कुठे तो गेला. आणि डक्टमध्ये कचरा पडत असेल, तर घंटागाडीच्या वेळी घरात कोणीच नसते अशी घरे कोणती, हे आधी पाहा. त्यांचा डबा शेजारणीने खाली न्यायचा, एवढ्यावर आमचा डक्ट स्वच्छ राहिला आहे.

गोदातीर
सर्वांचे मनापासून आभार. चेंबर आणि मोटर एका वहीत आणण्याचा विचार आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. तो मी सभेत मांडणार आहे. अभियंता काकांच्या सांगण्यावरून काल कागदांची पेटी काढली. वाटपपत्रावर सासऱ्यांच्या नावाबरोबर सासूबाईंचेही नाव आहे, हे आम्हांला आज कळले. सासरे आता हयात नाहीत. त्यांच्या पश्चात सासूबाई, माझे यजमान आणि विवाहित नणंद आहेत. घर कोणाच्या नावे करावे लागेल? नाव लागल्याशिवाय संस्थेचे सभासद होता येईल का? शिवाय आमच्या इमारतीत काही घरांत मूळ लाभार्थी राहत नाहीत, भाडेकरू राहतात. त्यांना समितीत घ्यावे की नाही, यावरही मतभेद आहेत.

नाशिकरोडचा वकील
आपल्या सासूबाईंचे नाव वाटपपत्रावर आहे हे फार चांगले झाले. घर पत्नीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे द्यावे, असे या योजनेच्या मार्गदर्शक सूत्रांत होतेच. संयुक्त नाव असेल आणि वाटे वेगळे लिहिलेले नसतील, तर निम्मा हिस्सा सासूबाईंचा स्वतःचा धरला जातो आणि वारसाचा प्रश्न फक्त सासऱ्यांच्या निम्म्या हिश्श्यापुरता उरतो. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे तो हिस्सा पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्यात समान वाटला जातो. मुलगी विवाहित असल्याने काहीही फरक पडत नाही. म्हणजे सासूबाईंचे एकूण दोन तृतीयांश आणि आपले यजमान व नणंद यांचे प्रत्येकी एक षष्ठांश. नणंदबाईंनी स्वखुशीने हक्क सोडायचा ठरवला, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलेच असावे. साध्या कागदावरची सही पुढे उपयोगी पडत नाही. आणि त्यांच्यावर दबाव आणू नये, हेही वकील म्हणून नव्हे तर माणूस म्हणून सांगतो. तूर्त सासूबाईंच्या नावेच सगळे व्यवहार चालू ठेवावेत, मृत्यू दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून घरपट्टीला व वाटपाच्या नोंदीला वारस लावण्याचा अर्ज द्यावा. सासूबाई सभासद होऊ शकतात, त्यामुळे आपले काहीही अडत नाही.

संस्थेबद्दल तिवंध्याच्या रहिवाशांची भीती मी समजू शकतो, पण तिच्यामुळे नोंदणीच टाळू नये. समितीच्या नावावर वीजजोडणी आणि बँक खाते घेताना अडचणी येतात, पदाधिकारी बदलला की व्यवहार ठप्प होतो, आणि मोठी दुरुस्ती निघाली की कोणाशी करार करायचा हे ठेकेदाराला कळत नाही. आठवड्याची वर्गणी आणि नोंदणीकृत संस्था यांत विरोध नाही; वसुली कशी करायची हे सर्वसाधारण सभा ठरवू शकते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण घातले गेले आहे. नोंदणीसाठी किमान ५१ टक्के सदनिकाधारकांची तयारी लागते, म्हणजे एखाद-दुसऱ्या घराच्या नकारामुळे सगळे अडून बसत नाही. जागा महापालिकेच्या मालकीची असल्याने तिचे ना-हरकत पत्र लागेल, ते आधी मागावे.

हप्त्याची धास्ती आकड्यांनी कमी होईल. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के घ्यायचा असतो. एका सदनिकेचा बांधकाम खर्च उदाहरणादाखल २ लाख रुपये धरला, तर दोन्ही मिळून वर्षाला २,००० रुपये होतात, म्हणजे आठवड्याला ४० रुपयांच्या आत. वीज, सफाई आणि टाकी यांचा खर्च त्याहून वेगळा. अवघड आहे, पण आवाक्याबाहेरचे नाही.

भाडेकरूंचा प्रश्न नाजूक आहे. घरकुल भाड्याने देणे किंवा ठरावीक मुदतीआधी विकणे हा बहुतेक करारनाम्यांत शर्तभंग असतो आणि त्यातून वाटप रद्द होऊ शकते. आपल्या करारातील अट पाहा. भाडेकरू सभासद होऊ शकत नाही आणि त्याला मत देता येणार नाही. तथापि पाणी तोही भरतो आणि चेंबरही त्याच्यामुळे भरते, तेव्हा वर्गणी आणि कामाची पाळी त्याच्याकडे असलीच पाहिजे. तक्रारी करून त्यांना बाहेर काढण्याच्या भरीस समितीने पडू नये; ते काम तिचे नाही.

तिवंध्याचा रहिवासी
वकीलसाहेबांचा ४० रुपयांचा हिशेब मला मान्य आहे आणि नोंदणीला असलेला माझा विरोध मी मागे घेतो. फक्त क्रम असा ठेवावा, असे सुचवतो: जुनी वीज थकबाकी किती आहे ते काढून ती मोटरीसाठी प्रत्येकाने आधीच केलेल्या खर्चाशेजारी सभेत मांडा. एका छोट्या मोटरीला जेवढे पैसे गेले, त्यापेक्षा प्रत्येकाच्या वाट्याची थकबाकी बहुधा कमीच भरेल. ती फेडून सामायिक जोडणी सुरू झाली आणि कळशीने पाणी नेणाऱ्या घरांत वरच्या टाकीचे पाणी आले, की नोंदणीच्या अर्जावर सह्या मागायला जा.

सचिवताई
सभा रविवारी सकाळी ठेवू नका, त्या वेळी बायका पाण्यात आणि धुण्यात असतात. संध्याकाळी आठनंतर जिन्यातच घ्या, म्हणजे कामावरून आलेलेही थांबतील. सूचनेच्या कागदावर मोटर आणि चेंबर हे दोनच विषय लिहा, आणि तळमजल्यावरच्या घरी तो कागद घेऊन तुम्ही स्वतः जा.